चेक परत आला, आता काय? गृहोद्योग चालवणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

दिवाळीच्या फराळाची शेवटची ऑर्डर पोचवून, कढया घासून आपण जरा टेकतो आणि पैशांची वाट बघायला लागतो. काही वर्षांपूर्वी मी अशीच १८,४०० रुपयांची वाट बघत होते. चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू आणि अनारसे, एका कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना वाटण्यासाठी. ऑर्डर देणारे गृहस्थ अतिशय अदबीने बोलायचे. चेक दिला आणि म्हणाले, "ताई, खात्यात पैसे आले की सांगतो, मग टाका." मी दोन महिने थांबले. शेवटी टाकला तेव्हा परत आला. मग पुन्हा तेच: "या आठवड्यात नक्की." वकिलांकडे गेले तेव्हा बँकेचा मेमो, म्हणजे चेक का परत आला ते लिहिलेला कागद, हातात येऊन ४१ दिवस झाले होते. त्यांनी चेकवरची तारीख पाहिली, मेमोवरची पाहिली, आणि चेकची तीन महिन्यांची व मागणीच्या नोटिशीची ३० दिवसांची, अशा दोन्ही मुदती संपल्याचं सांगितलं. त्या गृहस्थांकडून पुढे हप्त्याहप्त्याने दहा हजार आले. बाकीचे आजही वहीत उधारीच्या पानावर आहेत.

समोरच्याशी गोड बोलण्यात माझी चूक नव्हती. गोड बोलताना तारखा मोजल्या नाहीत, ही चूक होती. म्हणून हा लेख लिहिते आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरातून, शिलाई मशीनवरून, घरच्या चार कुंड्यांच्या नर्सरीतून धंदा चालतो, त्यांच्यासाठी.

पायरी १: मेमो हातात घ्या आणि वाचा

बँकेचा एसएमएस आला की शाखेत जाऊन दोन गोष्टी ताब्यात घ्या: मूळ चेक आणि रिटर्न मेमो. हल्ली क्लिअरिंगला चेकचा कागद जात नाही, स्कॅन केलेली प्रतिमा जाते, त्यामुळे मूळ चेक तुमच्याच बँकेत असतो. मेमोवर बँकेचा शिक्का किंवा अधिकृत खूण आहे का बघा. पुढे कोर्टात तोच कागद चेक न वटल्याचा पुरावा धरला जातो. मेमो तुमच्या हातात ज्या दिवशी आला ती तारीख त्याच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा. मूळ कागदावर काही लिहू नका.

मग कारण वाचा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

'फंड्स इनसफिशियंट' म्हणजे खात्यात पैसे नाहीत. 'एक्सीड्स अरेंजमेंट' म्हणजे ओव्हरड्राफ्टची मर्यादा ओलांडली. 'रेफर टू ड्रॉअर' असं लिहिलं असेल तर बँक सभ्य भाषेत बहुधा तेच सांगते आहे. या कारणांसाठी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम १८८१, याचं कलम १३८, म्हणजे चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम, थेट लागू होतं. 'पेमेंट स्टॉप्ड' आणि 'अकाउंट क्लोज्ड' या शेऱ्यांनी समोरचा सुटतो असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाने हेही प्रकार कलम १३८ खाली येऊ शकतात असं सांगितलं आहे. सही जुळत नाही या कारणाबद्दलही २०१२ मध्ये तसाच निर्णय झाला.

पण सही न जुळण्यामागे प्रत्येक वेळी लबाडी असते असं समजू नका. हाउसिंग सोसायटीच्या चेकवर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या असतात. कमिटी बदलली आणि बँकेत नव्या सह्या नोंदवायच्या राहिल्या, की गणपतीच्या प्रसादाचा चेकसुद्धा परत येतो. अशा वेळी एक फोन पुरतो.

उरली तांत्रिक कारणं. आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी, तारखेत खाडाखोड, चेक जुना झालेला, किंवा चेक 'अमुक गृहउद्योग' या नावाने आणि तुमचं खातं मात्र वैयक्तिक नावाने. यात कलम १३८ आणायचं कारण नाही. नवा चेक मागा, नाहीतर सरळ यूपीआयने पैसे मागा.

पायरी २: आपले चेक आधी सांभाळा

ही पायरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि नुकसान इथेच दुप्पट होतं. ग्राहकाचे पैसे येणार या भरवशावर तुम्ही तूपवाल्याला, डबे-पिशव्यांच्या दुकानदाराला चेक दिलेला असतो. तुमच्याही कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जाणार असतो. ग्राहकाचा चेक परत आला, वर बँकेने चार्ज कापला, की तुमचा चेकही लटकतो. आणि कलम १३८ तुम्हालाही तितकंच लागू आहे.

म्हणून ग्राहकाला फोन करायच्या आधी खात्यातली शिल्लक बघा. कमी असेल तर घरातून थोडे पैसे भरा. ते जमत नसेल तर ज्याला चेक दिला आहे त्याला आजच सांगा: "दादा, माझा चेक शुक्रवारपर्यंत टाकू नका, गुरुवारी मी स्वतः सांगते." वर्षानुवर्षं माल देणारा माणूस आधी सांगितलं तर समजून घेतो. चेक परत आल्यावर कळलं, तर पुढच्या वेळी तो रोख मागतो.

पायरी ३: पहिला फोन

फोन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. ग्राहकाला खरंच माहीत नसेल असं धरूनच बोला, कारण बऱ्याचदा तसंच असतं. पगार उशिरा झाला, ईएमआय आधी कापला गेला, चुकीच्या खात्याचं चेकबुक हाती आलं. मी साधारण असं बोलते:

"वहिनी, नमस्कार. तुमचा फराळाचा चेक बँकेतून परत आलाय, शिल्लक कमी असं कारण दिलंय. तुम्हाला बहुतेक कळलं नसेल म्हणून फोन केला. आज-उद्यात यूपीआयने पाठवाल का? बँकेने माझे चार्ज कापलेत, तेही बिलात धरून रक्कम व्हॉट्सॲपवर पाठवते."

फोन ठेवला की लगेच तेच व्हॉट्सॲपवर लिहा: रक्कम, चेक क्रमांक, परत आल्याची तारीख, आणि त्यांनी तुम्हाला कोणता दिवस सांगितला. त्यांनी उत्तरात "हो, सोमवारी देते" एवढं लिहिलं तरी देणं मान्य केल्याचा कागद तुमच्याकडे तयार झाला.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. सोसायटीच्या किंवा भिशीच्या ग्रुपवर त्यांचं नाव टाकू नका. पैसे तर येत नाहीतच, उलट बदनामीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. आणि "पोलिसात देते" असं म्हणू नका. कलम १३८ चा खटला पोलीस ठाण्यातून सुरू होत नाही. त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे लेखी तक्रार करावी लागते, आणि ती ज्याच्या नावाने चेक आहे त्यानेच. हे माहीत असलेल्या ग्राहकाला तुमची धमकी पोकळ आहे हे लगेच कळतं.

पायरी ४: पुन्हा टाकायचा का?

चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत आहे. त्याआधी सहा महिने होती, आणि घरातली मोठी माणसं अजून तेच धरून चालतात. या तीन महिन्यांत चेक पुन्हा भरता येतो, एकापेक्षा जास्त वेळाही. पण प्रत्येक वेळी परत आला की चार्ज बसतो. म्हणून माझा नियम असा: ग्राहकाने ठरावीक दिवस सांगितला असेल तर एकदाच पुन्हा भरायचा. "बघू, टाकून ठेवा" असं उत्तर आलं तर भरायचा नाही, यूपीआय किंवा एनईएफटी मागायचं.

पुन्हा भरून परत आला तर नवा मेमो मिळतो आणि नोटिशीचे ३० दिवस त्या मेमोपासून मोजता येतात. एखादी मुदत हुकली असेल आणि चेकचे तीन महिने शिल्लक असतील, तर हा रस्ता उघडा असतो. माझ्या वेळी तोही बंद झाला होता, कारण चेक दोन महिने डब्यात पडून होता.

ग्राहकाने थोडे पैसे दिले तर जपून. १२,००० च्या चेकपैकी ५,००० मिळाल्यावर तोच १२,००० चा चेक पुन्हा बँकेत भरायचा नाही आणि त्यावर पूर्ण रकमेची नोटीसही द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच मुद्द्यावर तक्रारदाराच्या विरोधात निकाल दिला. ५,००० ची पावती द्या, जुना चेक परत करा, उरलेल्या ७,००० चा नवा चेक घ्या.

पायरी ५: तारखांचं गणित

हे गणित भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडा. मोबाइलमधली आठवण चालेल, पण कॅलेंडरवरची घरातल्या सगळ्यांना दिसते.

समजा चेकवर १० नोव्हेंबर तारीख आहे. बँकेकडून परत आल्याचं तुम्हाला १३ नोव्हेंबरला कळलं. तो दिवस सोडून ३० दिवस मोजा: १३ डिसेंबर. त्या तारखेच्या आत लेखी मागणीची नोटीस टपालात पडलीच पाहिजे. तुम्ही ती २७ नोव्हेंबरला पाठवली आणि ग्राहकाला १ डिसेंबरला मिळाली असं धरू. मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, म्हणजे १६ डिसेंबरपर्यंत. तोवर पैसे आले तर विषय संपला, गुन्हा झालाच नाही. नाही आले, तर १७ डिसेंबरला तक्रारीचा हक्क तयार होतो आणि तिथून एका महिन्यात, म्हणजे १७ जानेवारीपर्यंत, मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार दाखल व्हायला हवी. १५ दिवस पूर्ण व्हायच्या आधी घाईने दाखल केलेली तक्रार टिकत नाही. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाला तो माफ करायला सांगता येतं. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी सवलत नाही.

त्यामुळे घरच्या धंद्यासाठी मी एक आतली तारीख ठरवली आहे: मेमोनंतर १४ वा दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर नोटीस जाते, मग समोर कोणीही असो. नोटीस गेली म्हणून संबंध तुटत नाहीत. मी फोन करून सांगते: "काका, कागदाची मुदत आहे म्हणून पाठवतेय, तुम्ही पैसे दिलेत की तो कागद फाडून टाका." आजवर यावरून एकानेही माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही.

पायरी ६: नोटीस

वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस असली तर तिचं वजन वाढतं, पण ते बंधनकारक नाही. तुम्ही स्वतः, मराठीत, साध्या कागदावर लिहिलेली नोटीसही चालते. मजकूर असा ठेवता येईल:

"आपण दिनांक … रोजी माझ्याकडून … हा माल रुपये … इतक्या किमतीला घेतला (बिल क्रमांक …). त्या देण्यापोटी आपण … बँक, … शाखा यांवरील चेक क्रमांक …, दिनांक …, रक्कम रुपये … (अक्षरी …) मला दिला. सदर चेक मी माझ्या … बँकेच्या … शाखेतील खात्यात भरला असता तो '…' या शेऱ्यासह परत आला. तशी सूचना मला दिनांक … रोजी मिळाली. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेकची रक्कम रुपये … मला द्यावी. न दिल्यास परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम १३८ नुसार मी आपल्याविरुद्ध कारवाई करीन."

मागणीची रक्कम चेकवरच्या रकमेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं: रकमेत चूक झाली तर नोटीसच बाद होते, ती टायपिंगची चूक असली तरी. बँकेचे चार्ज मागायचे असतील तर शेवटी वेगळ्या ओळीत मागा, चेकच्या रकमेत मिसळू नका.

नोटीस कोणाला पाठवायची? ज्याच्या खात्याचा चेक आहे आणि ज्याची सही आहे त्याला. ऑर्डर वहिनींनी दिली आणि चेक त्यांच्या यजमानांचा असेल, तर नोटीस यजमानांच्या नावाने. कंपनीचा चेक असेल तर कंपनीला आणि सही करणाऱ्या जबाबदार व्यक्तीला, दोघांनाही.

स्पीड पोस्टने पाठवा. पावती जपा आणि पोस्टाच्या संकेतस्थळावर ती कधी पोचली त्या नोंदीची प्रिंट काढा. ग्राहकाने नोटीस घ्यायला नकार दिला किंवा दाराला मुद्दाम कुलूप ठेवलं तरी घाबरू नका. पत्ता बरोबर असेल तर कायदा ती पोचली असं धरतो. परत आलेलं पाकीट न फोडता तसंच ठेवा.

पायरी ७: कोर्टात जायचं की सोडायचं?

इथे प्रत्येकाने आपल्या रकमेकडे बघून ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे. दीड-दोन हजारांच्या चेकसाठी कोर्टाची पायरी चढू नये. नोटिशीपर्यंत जावं आणि पुढे त्या ग्राहकाला उधारी बंद करावी. रक्कम महिन्याच्या कमाईत खड्डा पाडणारी असेल तर मात्र सोडू नये.

कायदा तुमच्या बाजूने बराच झुकलेला आहे. चेक एखादं देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कोर्ट सुरुवातीला गृहीत धरतं, तसं नव्हतं हे समोरच्याने दाखवायचं असतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. ही तरतूद २०१८ ची. आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. ग्राहक नागपूरचा आणि तुम्ही सांगलीच्या असाल तर फेऱ्या सांगलीतच.

वेळ मात्र लागतो. कायद्यात सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करा. घरून धंदा करणाऱ्या किती जणींना हे माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरं म्हणजे लोकअदालत. चेकची प्रकरणं तिथे मोठ्या संख्येने येतात. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, आणि ठरलेले पैसे नंतर दिले नाहीत तर ती तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसूल करता येते.

कलम १३८ ची मुदत हुकली तरी देणं बुडत नाही. तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तुम्ही स्वतः माल बनवत असाल आणि ग्राहक एखादी कंपनी किंवा संस्था असेल, तर केंद्र सरकारच्या सूक्ष्म-लघु उद्योग (एमएसएमई) मंत्रालयाच्या पोर्टलवर उशिरा पैशांची तक्रार करण्याचाही मार्ग आहे. तिथे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी फुकट आहे. ती ऑर्डर घ्यायच्या आधी झालेली असू द्या.

या सगळ्याला कागद लागतात: बिल, माल मिळाल्याची सही, ऑर्डरचे मेसेज. ओळखीतला ग्राहक आहे म्हणून बिल न देणाऱ्या मैत्रिणी मला आजही भेटतात. चेक देण्यापोटी होता हे कोर्ट गृहीत धरतं खरं, पण समोरच्याने "तो चेक मी हातउसना म्हणून सहीचा कोरा दिला होता" असं म्हटलं की तुमची बाजू बिलानेच सावरते.

पुढची ऑर्डर घेताना

सामानाच्या खर्चाइतकी रक्कम आगाऊ, यूपीआयने. फराळासारख्या ऑर्डरला मी निम्मी घेते. उरलेल्यासाठी चेक आलाच तर दारातच बघायचा: तारीख, नाव खात्याप्रमाणे आहे का, आकडा आणि अक्षर जुळतं का, खाडाखोड, सही, डाव्या कोपऱ्यात दोन रेघा आणि 'अकाउंट पेयी'. दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर ग्राहकाला विचारायचं, "तुमच्या बँकेत पॉझिटिव्ह पेला माहिती भरलीत ना?" पॉझिटिव्ह पे म्हणजे दिलेल्या चेकचा तपशील ग्राहकाने आपल्या बँकेला आधीच कळवायची सोय.

आणि चेक लगेच भरायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग क्लिअरिंगला जातात आणि सकाळी भरलेल्या चेकचं काय झालं ते साधारण त्याच दिवशी कळतं. त्यामुळे नव्या ग्राहकाला मी आता सरळ सांगते की चेक सकाळी द्या, वटल्याचा मेसेज आला की संध्याकाळी डबे पोचवते. पुढच्या तारखेचा चेक घ्यावाच लागला तर एक छोटी वही ठेवली आहे: चेक क्रमांक, ग्राहक, कोणत्या बिलाचा, भरायची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात तीन महिने कधी संपतात ती तारीख. दर सोमवारी सकाळी भाजणी गिरणीत पाठवायच्या आधी ती वही उघडते.